सरकारी चाकू आणि आपला चाकू

जामुल म्हणजे भिलईच्या पोलादाचा शेजार. इथे राहिलं की खिशातल्या चाकूच्या पोलादाकडेही लक्ष जातं. चाकू खोलून त्यात आपल्या कामाचं हत्यार बसवायचा छंद नवा वाटतो, पण त्याचं मूळ फौजेतच आहे.

स्विस फौजेने 1889 ची श्मिट-रुबिन रायफल घेतली. ती खोलायला स्क्रूड्रायव्हर लागे. म्हणून 1891 पासून जवानांना मिळालेल्या चाकूत पात्यासोबत टोचा, डबा उघडायचं हत्यार आणि स्क्रूड्रायव्हर होता. 1897 मध्ये कार्ल एल्सनरने एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची हत्यारं बसवली आणि छोटं पातं व बूच काढायचा स्क्रू वाढवला. फौजेने हा चाकू सरकारी सामानात घेतला नाही. अधिकाऱ्यांनी तो स्वतःच्या पैशाने घेतला.

आजचे हौशी तेच पुढे नेतात. पितळी पिना ठोकून काढायच्या, थर बदलायचे, नव्या पिनेची टोकं ठोकून पसरवायची. हत्याराचं बूड स्प्रिंगला जुळलं नाही, तर ते घट्ट बसत नाही; कानस घ्यावी लागते.

सरकारी यादी सगळ्या पलटणीचा विचार करून ठरते. एका माणसाच्या रोजच्या कामाला काय लागतं, हे त्या माणसालाच ठरवावं लागतं.