नानांची खटखट

गेल्या विकांताला बॅगेत तीन कीबोर्ड कोंबून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडली आणि मांडव्यामार्गे आक्षीला गेलो. (अलिबागजवळचं आक्षी. तेच ते, शके ९३४च्या शिलालेखाचं.) कारण नाना, म्हणजे माझे आजोबा. अलिबागला कोर्टाबाहेर बसून त्यांनी तीसेक वर्षं गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टंकली. आता काचबिंदूमुळे स्क्रीन धूसर दिसते, पण लिहायची हौस काही जात नाही. लॅपटॉपच्या सपाट कीबोर्डवर अक्षर उमटलं की नाही, हेच त्यांना कळत नव्हतं. "मुका आहे रे हा," एवढंच म्हणाले.

मग माझं वेड कामाला आलं. मला क्लिकी स्विचचा नाद आहे. हापिसात त्यावरून शिव्या खाल्ल्यात. असो.

गोदरेजने पहिला भारतीय टाइपरायटर काढला १९५५ साली आणि उत्पादन थांबवलं २००९मध्ये. (२०११ला 'जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद' अशी बातमी जगभर फिरली. ती चुकीची होती, इतरत्र यंत्रं बनतच होती.) त्या यंत्रात आवाज मुद्दाम कुणी घातलेला नव्हता. खिळा कागदावर आपटला की खट्, आणि कॅरेज एक घर सरकली की बारीक टिक. मराठीत त्यात आणखी एक गंमत. अनुस्वार किंवा उकाराची कळ दाबली की खिळा आपटतो पण कॅरेज सरकत नाही, कारण ती खूण अक्षराच्या वर-खाली बसायची असते. म्हणजे खट् आहे, टिक नाही. नानांना कागदाकडे न बघता कळायचं की अनुस्वार दिला गेलाय. डोळे चांगले होते तेव्हाही ते कानानेच तपासत होते!

इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आले आणि खिळा गेला, तसा आवाजही गेला. आयबीएमने १९७०च्या दशकातल्या ३२७० टर्मिनलच्या कीबोर्डात मग चक्क सोलेनॉइड बसवला. की दाबली की तो आतून ठोका द्यायचा. आवाजासाठी वेगळा नोकर ठेवल्यासारखंच झालं ते :) पुढे आयबीएमच्याच रिचर्ड हॅरिस या इंजिनिअरची वाकणारी स्प्रिंग आली. १९८१च्या पहिल्या पीसीबरोबर मॉडेल एफमध्ये, मग १९८५ला मॉडेल एममध्ये. की दाबत गेलं की स्प्रिंग दबत जाते आणि एका क्षणी झटकन बाजूला वाकते. त्याच झटक्याने खालची हातोडी हलते आणि अक्षर नोंदलं जातं. आवाज आला म्हणजे अक्षर गेलं.

चेरी एमएक्स ब्लूमध्ये स्प्रिंग साधीच असते. आतल्या दांड्यावर एक छोटी सरकती बाही असते, ती एकदम खाली पडते तेव्हा टिक वाजते आणि धातूची पाती एकमेकींना टेकतात. हाही तसा प्रामाणिक. फक्त वर येताना की बरीच वर उचलावी लागते, नाहीतर तेच अक्षर दुसऱ्यांदा पडत नाही. काइल्हचा बॉक्स जेड मात्र निराळा. त्यात आवाजासाठी वेगळी तार आहे आणि नोंदीसाठी वेगळी पाती. सोलेनॉइडचाच पणतू म्हणा ना. पण त्याचे संपर्कबिंदू बंद डबीत असतात, धूळ आणि दमट हवा सहज आत जात नाही. आक्षीच्या खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज गंजतात, तिथे ही फार मोठी गोष्ट आहे. मी मनातून जेडच ठरवला होता.

रेमिंग्टन लेआउट टाकून दिला आणि नानांना डोळे मिटून टंकायला सांगितलं. जेडवर दोन ओळी झाल्या आणि ते थांबले. "एका अक्षराला हा दोनदा का बोलतो?" खरंच, जेड खाली जाताना वाजतो आणि वर येतानाही. नाना दुसऱ्या आवाजाला कॅरेजची टिक समजत होते, पण ती अनुस्वारालाही येत होती! ब्लूचा आवाज त्यांना 'बॉलपेनचं टोपण' वाटला. चुका कमी झाल्या, पण पंखा चालू असताना तो त्यांना नीट ऐकूच येईना.

मॉडेल एम (मित्राने अमेरिकेहून आणलेला, युनिकॉम्प ही कंपनी तो अजून बनवते) पुढे ठेवला तेव्हा त्यांनी आधी नुसती स्पेसबार चार वेळा दाबली. मग 'मा. न्यायाधीशसाहेब यांसी' पासून अख्खा अर्ज टंकला, चौदा ओळी. एक अक्षर गळलं नाही. अनुस्वार वेगळा ऐकू येत नाही ही तक्रार राहिलीच, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

म्हणजे गंजाच्या दृष्टीने मी बहुतेक चुकीचा कीबोर्ड ठेवून आलोय. पावसाळ्यात बघू. तोवर त्यावर गोदरेजचं जुनं रेक्झिनचं कव्हर घातलंय. ते फारच मोठं होतं, पण नाना म्हणाले राहू दे.