रिंग, फुगे आणि नशीब

गिरगाव चौपाटीवर बंदुकीने फुगे फोडलेत? आपल्या परभणीत तुराबुल हक उरुसात रिंग फेकलीय? मग हा वाद ओळखीचा असेल: हे कौशल्य की जुगार?

1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. 1957 च्या चमारबागवाला खटल्यात सुप्रीम कोर्टाने तीच रेघ पक्की केली. 1967 मध्ये रमीही कौशल्यात बसली, आणि पुढे त्याच आधारावर मोबाइलमध्ये शिरली. शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्य असो वा नशीब.

रिंगवाल्याकडे खिसा रिकामा झाला की आपण घरी जायचो. फोनवर खिसा रिकामा होताना दिसतच नव्हता.