ओलावा शोषणाऱ्या डब्यात पाणी साठलंय? ते ओतण्याआधी हे वाचा

पाऊस जोरात सुरू झाला की घराघरात तीच लक्षणं दिसतात. पापड सादळतात, मिठाला पाणी सुटतं, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी येते आणि कपाट उघडलं की कुबट वास नाकात शिरतो. यावर उपाय म्हणून ओलावा शोषणारे डबे आणि कपाटात लटकवायच्या पिशव्या हल्ली सगळीकडे मिळतात. पण डबा ठेवला आणि दिवाळीपर्यंत विसरून गेलं, तर ज्या कपड्यांसाठी तो आणला त्यांचंच नुकसान होऊ शकतं. हा डबा काम कसं करतो आणि त्याची काळजी कशी घ्यायची, ते समजून घेऊया.

डब्यात नेमकं काय असतं?

बहुतेक डब्यांत आणि पिशव्यांत कॅल्शियम क्लोराईडचे पांढरे दाणे असतात. हा मिठाच्याच जातीतला एक क्षार आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वयंपाकघरातलं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. म्हणून तर पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी दिसतं. कॅल्शियम क्लोराईड हेच काम ३० टक्क्यांच्या आसपासच सुरू करतं. मुंबईत जुलै महिन्यात आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या पुढे असते. अशा हवेत हे दाणे स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पाणी ओढतात आणि शेवटी त्यातच विरघळून जातात.

म्हणजे डब्याच्या तळाशी जमतं ते साधं पाणी नव्हे, तर क्षाराचं घट्ट द्रावण असतं. बहुतेक गडबड इथेच होते.

बुटांच्या खोक्यातली पुडी वेगळी

नवे बूट, पर्स किंवा औषधांच्या बाटलीत मिळणाऱ्या छोट्या पुडीत बहुधा सिलिका जेल असतं. त्याच्या दाण्यांना डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात आणि त्यांत पाण्याची वाफ अडकते. दाणा विरघळत नाही, वरून कोरडाच दिसतो. तो स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० ते ४० टक्के पाणी धरू शकतो. गरम केल्यावर ते पाणी निघून जातं आणि पुडी पुन्हा वापरता येते.

थोडक्यात, कपड्यांच्या कपाटासाठी कॅल्शियम क्लोराईडचा डबा, तर कॅमेरा, प्रमाणपत्रं, चांदीच्या वस्तू, श्रवणयंत्र अशा गोष्टींच्या हवाबंद डब्यासाठी सिलिका जेल. क्षाराचं द्रावण सांडण्याची जोखीम असल्यामुळे कागदपत्रं आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंजवळ पहिला प्रकार ठेवू नये.

खोलीत ठेवून उपयोग होतो का?

फारसा नाही. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली घ्या. ३० अंश तापमानाला तिच्यातल्या हवेची आर्द्रता ८५ वरून ६० टक्क्यांवर आणायला साधारण पाव लिटर पाणी काढावं लागेल. हे जमण्यासारखं वाटतं. पण डबा तेवढं पाणी कित्येक दिवसांत हळूहळू ओढतो आणि खोलीतली हवा मात्र काही तासांत बदलते. दार उघडलं की नवी दमट हवा आत येते. त्यात मशीनमध्ये पिळून काढलेले ५ किलो कपडे खोलीत वाळत घातले, तर त्यांतूनच दोनेक लिटर पाणी हवेत जातं.

म्हणून असा डबा बंद जागेतच ठेवावा: कपाट, ट्रंक, पलंगाखालचा कप्पा, बुटांचं कपाट. खोलीच कोरडी करायची असेल तर एसीचा ‘ड्राय’ मोड किंवा विजेवर चालणारा डिह्युमिडिफायर लागतो.

वापरताना हे लक्षात ठेवा

१. डब्यावरचं झाकण आणि वरची चकचकीत पन्नी तेवढीच काढा. तिच्याखालचा पांढरा पापुद्रा फाडू नका. तो वाफ आत घेतो, पण द्रावण बाहेर येऊ देत नाही.

२. डबा कपाटाच्या तळाशी, सपाट जागी ठेवा. आडवा झाला तर गळू शकतो. खाली एखादी प्लॅस्टिकची ताटली ठेवली तर उत्तम.

३. लटकवायची पिशवी कपड्यांना खेटू देऊ नका. पैठणी किंवा चामड्याच्या जाकिटाशेजारी तर नकोच.

४. कपडे पूर्ण वाळल्यावरच कपाटात ठेवा. अर्धवट ओला एक टॉवेलही डब्याची बरीच शक्ती खाऊन टाकतो.

५. पावसाळ्यात दर आठवड्याला डबा पाहा. दाणे संपून नुसतं द्रावण उरलं किंवा ते खुणेपर्यंत आलं, की डबा बदला. भर पावसात हे काही आठवड्यांतच होतं.

साठलेलं द्रावण कुठे टाकायचं?

पाकिटावर काही वेगळी सूचना नसेल, तर हातमोजे घालून ते बाथरूमच्या मोरीत किंवा संडासात ओता आणि वरून भरपूर पाणी सोडा. कुंडीत ओतू नका, क्षारामुळे झाड मरू शकतं. स्टीलच्या सिंकमध्ये किंवा भांड्यात ते राहू देऊ नका, धातू गंजतो.

कपड्यांवर सांडलं, तर कपडा वाळण्याची वाट पाहू नका. क्षार हवेतलं पाणी ओढत राहतो, त्यामुळे तो भाग ओलसर, चिकटच राहतो. कापडाला चालत असेल तर भरपूर पाण्यात दोन-तीनदा खळबळून काढा. चामड्यावर पडलं तर ते आकसून कडक होऊ शकतं आणि ते नुकसान बहुधा भरून निघत नाही. फरशी लगेच ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर पाय घसरेल.

घरात लहान मूल असेल तर डबा त्याच्या हाताला लागणार नाही असाच ठेवा. हे दाणे आणि द्रावण त्वचेला, डोळ्यांना आणि तोंडाला झोंबतात. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा. गिळलं गेलं तर तोंड धुवा, मुद्दाम उलटी करायला लावू नका आणि पाकीट सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. साधं सिलिका जेल विषारी नसतं, पण पुडी किंवा दाणे मुलाच्या घशात अडकू शकतात.

सिलिका जेल पुन्हा कसं वापरायचं?

दाणे पुडीतून काढून एका पसरट ट्रेमध्ये घाला आणि ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास एक-दोन तास तापवा. प्लॅस्टिकची पुडी तशीच तापवू नका, ती वितळते. गार होताच दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसाळ्यातलं ऊन या कामाला पुरत नाही. कोरडे असताना निळे आणि ओल लागली की गुलाबी होणारे दाणे मात्र स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये तापवू नका. त्यांत कोबाल्ट क्लोराईड असतं आणि ते आरोग्याला घातक आहे.

डांबरगोळ्या, तांदूळ, चुना?

डांबरगोळ्या कसर पळवतात, ओलावा शोषत नाहीत. उलट नॅफ्थलिनच्या गोळ्यांत ठेवलेले कपडे तान्ह्या बाळाला घालणं धोक्याचं आहे. जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात. मिठाच्या बाटलीत तांदळाचे दाणे ठीक आहेत, पण कपाटासाठी ते फारच कमी पडतात. कळीचा चुना पाणी ओढतो, पण तापतो आणि भाजतोही, त्यामुळे घरात तो प्रयोग नको.

डबे भराभर भरत असतील तर

मग दोष डब्याचा नसून भिंतीचा असू शकतो. तपासायला सोपी युक्ती आहे. भिंतीवर हातभर पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून लावा आणि एक-दोन दिवसांनी पाहा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब जमले असतील तर ओल भिंतीतून येतेय. तिथे कितीही डबे ठेवले तरी ते भरतच राहणार. खर्च करायचा तो गळतीवर करावा. आतली बाजू कोरडी असेल तर दमटपणा हवेतला आहे. मग कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, उघडीप मिळाली की दारं उघडी ठेवा आणि बाकीचं काम डब्यावर सोडा. दर आठवड्याला त्याच्यात डोकावायचं मात्र विसरू नका.