शनिवारी थांबणारा घाणा

धर्मग्रंथ हाती नाही, धर्मोपदेशक जवळ नाही आणि पूर्वजांची प्रार्थनेची भाषाही विस्मृतीत गेलेली, अशा अवस्थेत एखादा समाज आपल्या मुलांना सदाचार कशाच्या बळावर शिकवीत असेल, या प्रश्नाचे उत्तर ज्याला हवे असेल त्याने अलिबाग, पेण, रोहा आणि मुरुड या टापूंतील बेने इस्राएल या यहुदी समाजाचा इतिहास अवश्य पाहावा. नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या व त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरा आहे. ही घटना कोणत्या शतकातील, यावर विद्वानांत एकमत नाही. परंतु पुढे शतकानुशतके या लोकांनी कोकणातील गावोगाव तेल गाळण्याचा धंदा केला, मराठी बोलली, गावांच्या नावांवरून किहीमकर, दिवेकर, राजपूरकर अशी आडनावे धारण केली आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, ही गोष्ट निर्विवाद आहे. गावकऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटले ते यावरूनच.

या बंद घाण्याकडे इतिहासकार बहुधा ओळख पटविणारी खूण म्हणून पाहतात. मला मात्र त्यात एका पाठशाळेचा उगम दिसतो. शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशीच्या विसाव्याची, जी मूळ आज्ञा तोरा या यहुदी धर्मग्रंथामध्ये आहे ती केवळ घरधन्याला विसावा देऊन थांबत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, वेशीच्या आत उतरलेला परका आणि दावणीचा बैल, या सर्वांना ती त्या विसाव्याचे समान हक्कदार करते. ही आज्ञा तेल्याच्या मुलाला वाचता येत नव्हती. परंतु सहा दिवस घाण्याभोवती फिरणारा बैल सातव्या दिवशी मोकळा उभा आहे आणि आपल्या बापाने त्यासाठी एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडले आहे, हे तो दर आठवड्यास डोळ्यांनी पाहत होता. मुक्या जनावराला क्लेश देऊ नये, हा यहुदी नीतीचा एक मोठा सिद्धान्त. तो या घरांत वचनावाचून, केवळ आचाराच्या रूपाने, पिढ्यान्‌पिढ्या टिकला. वचन विसरते, ज्या आचारासाठी घरातल्या प्रत्येकाला दर आठवड्याला काही सोडावे लागते तो सहसा विसरत नाही, असे मला वाटते.

सणांचेही असेच. हिब्रू नावे लोपली होती, पण सण राहिले आणि त्यांना खास कोकणी मराठी नावे मिळाली. नव्याचा सण, बिरड्याचा सण, दारफाळणीचा सण ही नावे ऐकताच वालाचे बिरडे आणि घराची मिटलेली दारे डोळ्यांपुढे येतात. दारफाळणीचा सण म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, ज्याला इतर यहुदी योम किप्पुर म्हणतात. त्या दिवशी शुभ्र वस्त्रे नेसून, उपोषण करून, बाहेरच्यांशी व्यवहार टाळून मंडळी घरात राहत. शास्त्राचा दंडक असा की मनुष्याने मनुष्याचा जो अपराध केला असेल त्याची क्षमा केवळ ईश्वराकडे मागून मिळत नाही, ज्याचा अपराध केला त्याचीच समजूत घालावी लागते. दुसरा दिवस शिळ्या सणाचा; त्या दिवशी दारे उघडत, गोरगरिबांना दानधर्म होई आणि मंडळी एकमेकांच्या घरी भेटीस जात. उपवासाच्या पाठोपाठ दान आणि दानाबरोबर भेट, हा क्रम बालमनावर जे बिंबवीत असेल ते एखाद्या प्रवचनाने साधले असते, असे मी मानत नाही. नवस फिटला किंवा शुभकार्य झाले म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून तो जमलेल्या सर्वांत वाटण्याची रीत तर आजही आहे.

गावगाड्यात काजी आणि मुकादम हे समाजाचे अधिकारी असत. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांना दाविद राहाबी नामक परदेशी उपदेशकाने शिकवून धर्मकार्ये सोपविली, असे परंपरा सांगते. विवाह लावणे, तंटे तोडणे आणि अपराध्यास दंड करणे हे सर्व या अधिकाऱ्यांच्या पंचाईतीत चाले. याच समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता, आणि त्या दोहोंत बेटीव्यवहार नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. परक्यालाही विसाव्यात वाटा देणाऱ्या आज्ञेची ज्यांनी इतकी निष्ठेने जपणूक केली त्यांच्याच मुलांना स्वजनांतील एका वर्गापासून दूर राहण्याचे वळण लागावे, हे दुःखदायक आहे, आणि आचारातून शिकलेल्या धर्माची ही मर्यादाही आहे; कारण आचार जसा दया शिकवितो तसाच शेजाऱ्यांकडून उचललेला भेदही शिकवितो.

एकोणिसाव्या शतकात ग्रंथ परत आला. 1796 साली मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी बेने इस्राएलांची पहिली मशीद, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, बांधली होती; पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी प्रार्थना शिकविल्या, आणि जुना करार मराठीत छापला तो ख्रिस्ती मिशनऱ्यांनी, ज्यांच्या शाळांतून बेने इस्राएल मुलेमुली शिकली. धर्मांतराचा मिशनऱ्यांचा हेतू मात्र या समाजात फारसा सफल झाला नाही. 1846 साली हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या विधीची पोथी, मुंबईत शिळाप्रेसवर निघाली आणि वल्हांडणाच्या रात्री घरातील लहान मूल जे प्रश्न विचारते त्यांचे उत्तर छापील मराठीत मिळू लागले. या विधीत मुलाने प्रश्न करणे हे त्याचे कर्तव्यच मानलेले आहे, आणि उत्तर काय, तर आपण दास होतो व मुक्त झालो. परक्याला छळू नका, कारण तुम्हीही परके होता, ही तोरामध्ये वारंवार येणारी शिकवण याच स्मृतीवर उभी आहे.

तरीही ग्रंथ हाती येताच तो कपाटात ठेवून पाठांतराचा विषय केला नाही, यात त्या पिढीची खरी दूरदृष्टी होती. 1880 च्या सुमारास बेन्यामिन शिमशोन अष्टमकर प्रभृतींनी हरिदासी कीर्तनाची परिपाटी स्वीकारली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे साकी, दिंडी, आर्या या छंदांत गाऊ लागले. ज्या अब्राहामाने भर उन्हात तंबूच्या दाराशी बसून तीन अनोळखी वाटसरूंना पाहताच धाव घेतली, पाय धुवावयास पाणी आणि भोजन दिले, त्याची कथा ओटीवर बसलेल्या पोराला ऐकावयास मिळाली. आणि ती त्याला आपलीच वाटली, कारण तिचा ठेका शेजारच्या देवळातील कीर्तनाचाच होता.

हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी 1875 साली मुंबईत इस्राएल मुलांसाठी शाळा सुरू केली आणि इंग्रजी व मराठीच्या जोडीस हिब्रू ठेवली. समाजाचा इतिहास त्यांनीच 1897 मध्ये लिहून पुरा केला; तो ग्रंथ छापून निघाला 1937 साली, त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी. शाळेस पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे त्यांचे नाव मिळाले, आणि 1922 ते 1950 पर्यंत तिची धुरा सांभाळली रिबेका रूबेन यांनी, ज्या 1905 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या होत्या. 1948 नंतर समाजाचे बहुसंख्य लोक इस्राएलला गेले आणि माझगावची ही शाळा हळूहळू आसपासच्या वस्तीची झाली. आज तिच्या वर्गांत बहुतांश मुले मुसलमान आहेत.