चांदा प्रदेशातील ख्रिस्ती मंडळी आणि परकेपणाचा प्रश्न

भद्रावतीस भद्रनागाचे देवालय, पार्श्वनाथाचे जैन मंदिर आणि विजासनची बौद्ध लेणी एकाच परिसरात आढळतात. अशा बहुपंथी चांदा प्रदेशात ख्रिस्ती धर्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश एपिस्कोपल मिशनद्वारा आला. साहजिकच, परकीयत्वाचा आक्षेप त्यास आरंभापासून चिकटला.

१९५४ साली मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने या आक्षेपास राजकीय स्वरूप दिले. चांदा जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. समितीच्या १९५६ च्या अहवालात परकी मिशनऱ्यांविषयी कठोर शिफारशी आहेत. तथापि परकी साहाय्यावर न विसंबणारे संयुक्त भारतीय ख्रिस्तमंडळ निर्माण व्हावे, अशी सूचनाही त्यात आहे.

पुढे घडले ते बव्हंशी याच दिशेने. १९६२ मध्ये चांद्याचे कॅथॉलिक कार्यक्षेत्र केरळच्या सिरो-मलबार परंपरेतील सी.एम.आय. संघाकडे सोपविण्यात आले. १९७० मध्ये अँग्लिकन मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली. नेतृत्व भारतीय झाले. परंतु केरळातून येणाऱ्या धर्मगुरूसही मराठी व गोंडी शिकावीच लागते. भारतीय होणे आणि स्थानिक होणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

हा भेद मराठी ख्रिस्ती समाजात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी फार पूर्वी ओळखला होता. अभंग-कीर्तनांतून त्यांनी उपासनेस देशी रूप दिले आणि १९१७ मध्ये स्थापिलेला ‘देवाचा दरबार’ बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही खुला ठेवला. चांद्याच्या मंडळीचा इतिहास लिहिताना तिची व्यवस्था कोणाच्या हाती होती, याबरोबरच तिची प्रार्थना कोणाच्या भाषेत होती, हेही तपासले पाहिजे.