ओल्डहॅमची अक्षरे

आमचे आजोबा परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. इंग्रजी त्यांना येत नसे. पण साच्याच्या बिडावर ओतलेली ‘ओल्डहॅम’ ही अक्षरे मात्र ते बोटाने अचूक गिरवून दाखवीत. दिवाळीला नवे धोतर नेसताना एकदा म्हणाले, “आपले साचे ज्या गावाहून आले, तिथल्या माणसांच्या पोटावर पाय आला रे!” पुढे इतिहास वाचू लागलो, तेव्हा त्याचा अर्थ उमगला.

ओल्डहॅम हे लँकेशायरातले गाव. तिथल्या परगण्याच्या स्वस्त कापडाने आमच्या हातमागवाल्यांचा घास आधीच हिरावला होता. मग १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत गिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या, त्यांची यंत्रे विलायतेतूनच आली. कापूस इथला, मजुरी तिथल्याहून कितीतरी कमी. यंत्रे विकणाऱ्यांनी पैसा केला. त्याची किंमत मात्र त्यांच्याच शेजाऱ्यांनी चुकती केली.

१९१३ मध्ये लँकेशायरचे सुमारे ३०० कोटी वार कापड हिंदुस्थानात आले होते. १९३८ पर्यंत त्याचा दहावा हिस्साही उरला नाही. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, जपानी माल, आयातीवरील जकात आणि स्वदेशीची चळवळ, या साऱ्यांचा तो परिणाम.

सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी लँकेशायरातल्या डार्वेनला मुद्दाम गेले. बेकार कामगारांचे दुःख त्यांनी ऐकून घेतले. आमच्या खेड्यांतली बेकारी त्याहून भयंकर आहे, हेही सांगितले. तरीही गिरणीतल्या बायांनी त्यांचा जयजयकार केला. दुःखाला दुःखाची ओळख पटते, ती अशी!

१९५८ मध्ये कापड विकणाऱ्या ब्रिटनवर, विकण्याहून अधिक कापड विकत घेण्याची पाळी आली. हाँगकाँग, भारत, पाकिस्तान इथून ते येई. पुढल्याच वर्षी कायदा झाला आणि सरकारी भरपाई घेऊन मालकांनी चात्या व माग मोडीत काढले. भरपाईचा मोठा वाटा यंत्रांना, हात रिकामे.

आमच्याही गिरणगावावर ती वेळ आली. १९८२ च्या संपानंतर एकेक भोंगा मुका झाला. काम यंत्रमागांच्या गावांकडे वळले. आजोबांच्या गिरणीच्या जागी आता उंच इमारत आहे. यंत्र जहाजात चढते, भांडवल हुंडीवर जाते. माणूस मात्र उंबऱ्यावर बसून राहतो.

दिवाळीची खरेदी करताना कापडाच्या काठावरले गावाचे नाव मी अजून वाचतो. त्या गावच्या चुली पेटल्याचा आनंद होतोच. पण कुणाच्या विझल्या, हे विचारल्यावाचून राहवत नाही.