गोम, वजन आणि घड्याळ: शर्यतीचा घोडा कसा ओळखत?

मुंबईचा शर्यतींचा हंगाम संपला की महालक्ष्मीचे घोडे बंद गाड्यांतून पुण्यास जातात. पनवेल ओलांडण्यास त्यांना काही मिनिटे पुरतात. रेल्वेपूर्वी मात्र मुंबईहून पुण्यास जायचे म्हणजे भरतीच्या पाण्याबरोबर होडीने पनवेलच्या बंदरात उतरायचे आणि तेथून बोरघाट चढायचा, हाच नेहमीचा मार्ग होता. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम याने घाटातील गाडीरस्ता खुला केला. पुण्याचे रेसकोर्सही त्याच वर्षीचे.

या वाटेवर घोडा पारखण्याच्या दोन पूर्णपणे भिन्न पद्धती एकमेकींसमोर आल्या. एक मराठी पागेची, दुसरी इंग्रजी मैदानाची. आणि दोघींच्या पोटात एकच प्रश्न होता: घोडा पाहून पुढचे सांगता येते का, की तो निव्वळ दैवाचा खेळ?

आधी पागा पाहू.

मराठी घोडेस्वार घोड्याचे वय दातांवरून पाही, खूर पाही, छाती पाही. पण तेवढ्यावर थांबत नसे. अंगावरील केसांचे भोवरे तो बारकाईने तपाशी. केसांची एक विशिष्ट रेघ म्हणजे ‘गोम’. ती कोठे आहे, तिचे तोंड कोणीकडे आहे, यावरून घोडा धन्यास लाभणार की बुडवणार हे ठरे. कंठावरचा ‘देवमण’ भोवरा भाग्याचा. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असेल तर तो पंचकल्याणी. त्याला किंमत अधिक. आजही एखाद्या गोष्टीतील लपलेली खोट दाखवताना ‘खरी गोम इथेच आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा ही जुनी परीक्षा भाषेत डोकावत असते.

याला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. पण शिलेदाराची स्थिती पाहा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे. घोडा मेला तर चाकरी गेली, चाकरी गेली तर घर बसले. ज्याचे सर्वस्व एका जनावरावर उभे आहे तो त्याच्या अंगावरचा प्रत्येक केस वाचणार, यात नवल ते काय?

शिवाय त्याला हवा असलेला घोडा वेगळा होता. एक मैल सर्वांच्या पुढे धावणारा नव्हे, तर मिळेल त्या चाऱ्यावर मजला मारणारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहणारा. भीमेच्या काठची भीमथडी तट्टे यासाठीच नावाजलेली होती. एप्रिल १७८१ मध्ये जनरल गॉडर्डची फौज बोरघाटाच्या पायथ्यापासून पनवेलकडे मागे फिरली, तेव्हा हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांच्या घोडदळाने तिला वाटभर सतावले. अशा मोहिमेत घोड्याचा कस त्याच्या दमात लागे. त्याच पनवेलच्या वाटेने पुढे शर्यतीचे घोडे चढले, आणि कस लावण्याची रीतच बदलली.

मुंबईत भायखळ्याच्या मैदानावर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून शर्यती होत. आखाताकडून गलबतांनी येणारा अरबी घोडा हा त्यांतला मुख्य नट. पहिले आगाखान हसन अली शाह १८४०च्या दशकात मुंबईत स्थिरावले, तेही या छंदाचे मोठे शौकीन होते. या अरबी घोड्यांची अडचण अशी की त्यांची वंशावळ विक्रेत्याच्या तोंडी. लेखी पुरावा काही नाही. मग माप कशाचे घ्यायचे? उंचीचे. चार इंचांचा एक ‘हँड’ धरून घोडा मोजत आणि जितका उंच तितके अधिक वजन त्याच्या पाठीवर देत. घोडे मोजताना किती वाद झाले असतील याची कल्पना करावी.

पुढे उंची मागे पडली आणि इतिहास पुढे आला. म्हणजे त्या घोड्याचाच इतिहास: कोणत्या अंतरावर, किती वजन घेऊन, कोणाविरुद्ध, किती वेळात तो धावला. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ॲडमिरल रूस याने वय आणि अंतर यांनुसार वजनाची कोष्टके मांडली. तोच हिशेब सुधारत सुधारत येथेही रुजला. १८८३ पासून मुंबईच्या शर्यती महालक्ष्मीच्या मैदानावर होऊ लागल्या. १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकली बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीने, जॉकी एडगर ब्रिट. तोवर भारतात पैदा झालेल्या घोड्यांची वंशावळ कागदावर आली होती. भोवरा वाचणाऱ्याच्या जागी आता पुस्तक वाचणारा आला.

येथे एक गंमत समजून घेतली पाहिजे. नवख्या प्रेक्षकाला वाटते, सर्वांत चांगला घोडा शोधला की झाले. पण बहुतेक शर्यती ‘हँडिकॅप’ असतात. हँडिकॅपर हा क्लबचा अधिकारी प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून गुण देतो आणि एका गुणामागे अर्धा किलो या हिशेबाने वजन ठरवतो. जॉकी हलका पडला तर खोगिराच्या खिशात शिसे घालून भर करतात. हेतू असा की सारे घोडे एका रेषेत खांबाशी पोहोचावेत. म्हणजे हँडिकॅपरचे काम अगदी बिनचूक झाले तर कोण जिंकणार हे कोणालाच सांगता येऊ नये! जाणकार प्रेक्षक शोधत असतो तो घोडा नव्हे, हँडिकॅपरची चूक.

ती चूक लपते कोठे? मागच्या वेळी घोडा चौथा आला, पण वळणावर त्याची वाट अडली होती. मैलभरावर दमणारा घोडा या वेळी कमी अंतराच्या शर्यतीत आहे. हिवाळ्यात महालक्ष्मीच्या कोरड्या जमिनीवर फिका पडलेला घोडा पुण्याच्या पावसाळी, मऊ जमिनीवर वेगळाच ठरतो. म्हणूनच जमिनीत टोचून मऊपणा मोजणाऱ्या पेनिट्रोमीटरचा आकडा क्लब जाहीर करतो. पहाटेच्या सरावातील वेळ, जॉकीची अदलाबदल, लांब विश्रांतीनंतरचे पुनरागमन, हे सारे पाहावे लागते. आणि अखेर पॅडॉक. शर्यतीपूर्वी घोडे गोल फिरवतात, तेव्हा पुस्तक मिटून डोळे उघडावे लागतात. कातडीवर तकाकी आहे की ती रुक्ष आहे, मागचे पुठ्ठे भरलेले आहेत का, मांड्यांच्या मध्ये घामाचा फेस धरला आहे का. ही नजर पागेतल्या जुन्या चाबूकस्वाराच्या नजरेहून फार निराळी नाही. फक्त गोम सुटली.

तरीही जिंकणारा घोडा ओळखणे आणि पैसे मिळवणे या दोन गोष्टी आहेत. ‘स्क्वाँडरर’ हा घोडा १९७०च्या दशकात १९ पैकी १८ शर्यती जिंकला. तो जिंकणार हे पॅडॉकबाहेरच्या चहावाल्यालाही ठाऊक असणार. टोटमध्ये सर्वांचे पैसे एका राशीत जमतात आणि कपात होऊन जिंकणाऱ्यांत वाटले जातात. सर्वांना ठाऊक असलेल्या घोड्यावर हाती येते ते जवळजवळ शून्य. ज्ञानाची किंमत इतरांच्या अज्ञानावर ठरते, हा या खेळाचा निष्ठुर भाग. हरलेल्या पगारांनी उजाडलेली घरे हा दुसरा. त्याची नोंद मात्र शर्यतीच्या पुस्तकात कोणी करत नाही.

आता कायदा. १८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात घोड्यांच्या शर्यतीवरील पैजेला, परवानाधारक मैदानावर आणि शर्यतीच्याच दिवशी, सूट आहे. १९१२ साली रेसकोर्सच्या परवान्यांचा स्वतंत्र कायदा झाला. पण सूट म्हणजे निर्दोषत्व नव्हे. ते ठरले बरेच पुढे. १९५७ साली शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धा चालवणाऱ्या चमारबागवाला यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने कसोटी दिली: ज्यात कौशल्याचा भाग प्रधान, तो जुगार नव्हे. तीच कसोटी १२ जानेवारी १९९६ रोजी, मद्रासच्या शर्यतींसंबंधी डॉ. के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात घोड्यांना लावली गेली. घोड्याची पैदास, त्याची तयारी, जॉकीचे कसब, वजन, अंतर यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो. सबब घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ. पॅडॉकच्या कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेवर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने असे शिक्कामोर्तब केले. करखात्याला या भेदाचे फारसे अगत्य नसावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला होता.

आणि गोम? ती संपली नाही. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे भोवरे अजून पाहिले जातात. पनवेलकडे शर्यत म्हटली की आठवते ती बैलगाडीची. खोंड विकत घेताना तेथेही शिंगे, खूर, छाती यांच्याबरोबर गोम तपासणारे जाणते भेटतात. ७ मे २०१४ च्या निकालाने या शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने त्या होतात. मात्र तेथे कोणी आपल्या नजरेवर विसंबून पैज लावली तर तो गुन्हा. १८८७च्या कायद्यातील सूट घोड्याला मिळाली, पुढे कुत्र्यालाही मिळाली, बैलाला नाही.